पाठमोरी

“आता काय चुकलं, बाई?”

शालनचा आवाज चढला होता. भागीरथीबाईंनी अडकित्त्यात सुपारी धरली, कातरली, तोंडात टाकली आणि सावकाश चघळली.

“परत.”

“दोन वर्षं परत परतच चाललंय. एक वाक्य, बाई! चार शब्दांचं!”

“तीनच आहेत,” बाई म्हणाल्या. “चौथा तू पदरचा घालतेस.”

ही गोष्ट कोल्हापुरातली. सिनेमाच्या कंपन्या तिथे जोरात होत्या त्या दिवसांतली. एका महिन्यात उरकायची, कमी खर्चाची चित्रं निघत, आणि त्यांत गर्दीला उभ्या राहणाऱ्या बायकांना गावात कुणी खोली देत नसे. त्यांच्यासाठी ‘सुखवस्ती’ नावाचं एक हॉटेल होतं. सुख होतं ते पाटीवर. आत तेरा खोल्या, खोलीत दोघीदोघी, आणि दोन वेळा जेवणाची घंटा. नियम एकच कडक होता. पुरुषाने पायरी चढायची नाही. दूधवाला असो की कंपनीचा माणूस, त्याने खालून हाक मारायची. जिला हाक ऐकू गेली तिने जायचं आणि निरोप पोचवायचा.

भागीरथीबाई जिन्याखालच्या खोलीत राहायच्या. एके काळी नाटक मंडळीत त्यांचं नाव होतं. आता गुडघे गेले होते, पण कान शाबूत होते. दुपारच्या जेवणानंतर त्यांच्या उंबऱ्याशी मुली शिकायला बसत. पेढीवर नाणं वाजवून घेतात तसं बाई वाक्य वाजवून घेत. बद्द वाजलं की म्हणत, “चुकलं. परत.”

शालन निपाणीची, सातवीची फायनल पास, नाकीडोळी नीटस आणि त्याची पुरती जाणीव असलेली. बाईंनी तिला जुन्या नाटकातला एक प्रसंग दिला होता. थोरली बहीण बाहेरून येते आणि विचारते, कुणी आलं होतं का? धाकटी सांगते, “कुणी नव्हतं आलं.” आलेलं असतं. धाकटी ते लपवते. एवढंच काम.

“मी खोटं बोलतेय हे दिसायला नको का?” शालन म्हणाली.

“बघणाऱ्यांना दिसू दे. तिला दिसलं की प्रसंग मेला.”

“मग कसं म्हणू?”

“म्हणताना तू स्वतःकडे बघतेस. पदर नीट आहे का, मान बरोबर वळली का... तिच्याकडे बघ. तुझ्या तीन शब्दांनी तिचं काय जाणार आहे ते तुला ठाऊक हवं. ते ठाऊक असून म्हणता आलं, तर आलं.”

शालन फणकाऱ्याने उठली. या म्हातारीकडून एकदा, एकदाच, ‘बरोबर’ ऐकायचं आणि मगच हे हॉटेल सोडायचं असं तिने मनाशी धरलं होतं. आठ जणी बाईंकडे शिकून गेल्या. तो शब्द एकीलाही मिळाला नव्हता.

दोन नंबरच्या खोलीत तिच्या जोडीला इंदू होती. इंदू विट्याची, पस्तिशीला टेकलेली. अकरा वर्षं गर्दीत उभी राहत होती. बाहेरून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, “कुणी आलं हुतं का गं?”

बायका थट्टा करत. “आला होता की, घोड्यावर बसून राजपुत्र! चारा नव्हता म्हणून परत गेला.”

इंदूही हसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

पण भावाने आता शेवटचं कळवलं होतं. तासगावकडचा एक बिजवर होता, तीन पोरांचा बाप, पहिली बायको विहिरीत गेलेली. ती पडली की तिने उडी घेतली, हे कुणी स्पष्ट सांगत नव्हतं. शनिवारपर्यंत कंपनीचं चांगल्या कामासाठी बोलावणं आलं तर इंदूने राहायचं, नाही तर चारच्या मोटारीने गावाकडे निघायचं, असं बहीणभावाचं ठरलं होतं. शालनला हे सगळं ठाऊक होतं. शालनच्या तापात इंदूने चार दिवस तिच्या उशाशी बसून काढले होते, तेव्हाच बोलता बोलता तिने सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी इंदू अंबाबाईला हात जोडायला गेली. शालन सोप्यात केस वाळवत बसली होती.

“दोन नंबरच्या बाई!”

पायरीखाली कंपनीचे मुकादम दत्तोबा उभे होते.

“दोन नंबरचीच मी. काय काम?”

“मागल्या चित्रात इहिरीवर घागर घेऊन हुत्या त्या तुमीच न्हवं? पाठमोऱ्या?”

त्या प्रसंगात विहिरीवर सात जणी होत्या. शालन कडेला धुणं धूत होती. घागर इंदूने उचलली होती. कॅमेरा मागे होता, डोईवर पदर. तोंड कुणाचंच दिसलं नव्हतं.

“सायबांनी काल पडद्यावर बघितलं,” दत्तोबा सांगू लागले. “तीनदा बघितलं. म्हणले, ही कोण बाई हाय ती आना. नायिकेच्या बहिणीचं काम हाय, चांगलं धा-बारा प्रसंगांचं. नाव कुणाला म्हाईत न्हाई, निस्तं दोन नंबर म्हाईत. तुमीच का त्या?”

जिन्याखालच्या खोलीतून अडकित्त्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“मीच,” शालन म्हणाली.

“मग साडेचारला गाडी येईल. तयार ऱ्हावा.”

दत्तोबा गेले. शालन केस गुंडाळत वळली. मग बाईंच्या उंबऱ्याशी आली.

“त्यांच्याकडे नाव नव्हतं, बाई.”

बाईंनी सुपारी अडकित्त्यातून काढून तळहातावर घेतली.

“विहिरीवर मीही होतेच की.”

“घागर कुणाकडे होती?”

“रिकामी घागर होती ती! त्यात कसली आली कला?”

“रिकामी होती,” बाई म्हणाल्या. “तिने भरलेली उचलली.”

शालनचा चेहरा उतरला. मग तिने हळूच विचारलं, “तुम्ही सांगणार तिला?”

“हाकेला तू गेलीस, निरोपही तूच पोचवायचा. इथला नियम तुला ठाऊक आहे.”

“पण तुम्ही सांगितलंत तर...”

बाईंनी सुपारी पुन्हा अडकित्त्यात धरली. कातरली मात्र नाही.

एवढ्यात इंदू आली. कपाळभर कुंकू, हातात प्रसादाची पुडी, चपलेच्या तुटक्या पट्ट्याला सेफ्टी पिन. चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं,

“कुणी आलं हुतं का गं?”

शालनने तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षं एका खोलीत राहून पाहिलं नव्हतं इतकं नीट पाहिलं. पिन लावलेली चप्पल दिसली. तो बिजवर दिसला, त्याची तीन पोरं दिसली, ती विहीरही दिसली. इंदूच्या वेणीत एक फूल सुकून लोंबत होतं. शालनने हात पुढे करून ते अलगद काढलं.

“कुणी नव्हतं आलं.”

इंदूने चप्पल काढली.

“ब्येस झालं. निघता निघता कुणी आलं असतं तर जीव अडाकला असता.”

सुखवस्तीत एक रिवाज होता. साऱ्या जणींत मिळून एक जरीची जांभळी साडी होती, ती बाईंच्या खुंटीवर असायची. जिला बोलावणं येई ती ही साडी नेसून जाई. आणि हॉटेल कायमचं सोडणाऱ्या बाईने जाण्याआधी ती आपल्या हाताने इस्त्री करून ठेवायची, मागे राहिलेल्यांसाठी.

इंदूने चुलीतले निखारे तांब्यात भरले. खाली बसून ती साडीवरून तांब्या फिरवू लागली. काठाजवळ हात हलका, पदरावर जरा जड. एक सुरकुती राहिली नाही.

“घे,” म्हणत तिने घडी शालनच्या हातात दिली. “तुलाच येईल बघ आता बोलावनं. तू बाईंकडं शिकतीस. माझं काय, जलमभर पाठमोरं उभं ऱ्हायाचं.”

“असं काय बोलतेस...”

“अगं, हसतीया मी.”

पावणेचारला तिने ट्रंक उचलली. बाईंच्या पाया पडली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग एक नवल झालं. हॉटेलच्या मालकिणीसाठीही न उठणाऱ्या बाई भिंत धरून उठल्या, पाय ओढत पायरीपर्यंत आल्या आणि तिथे उभ्या राहिल्या. इंदू रस्त्याने चालली होती. ट्रंक जड होती, पण तिने ती रिकामी असल्यासारखी धरली होती. वळणावर ती दिसेनाशी झाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

साडेचारला गाडीचा भोंगा वाजला.

शालन साडी नेसून खाली आली. साडीला निखाऱ्यांची ऊब अजून होती. तेरा खोल्यांतल्या बायका कठड्याला येऊन उभ्या राहिल्या. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी दृष्ट काढली. एक जण वरून ओरडली, “नायिका झालीस की आम्हांला ओळख दे गं!”

ती बाईंच्या उंबऱ्याशी आली आणि वाकली. बाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

शालनचे हात जमिनीवरच राहिले.

“बाई... बोला ना काही.”

बाईंनी अडकित्ता हातात घेतला.

“शिव्या तरी द्या.”

भोंगा पुन्हा वाजला. शालनच्या डोळ्यांतून घळघळ पाणी येत होतं. सवयीने, दोन वर्षांच्या सवयीने, तिच्या तोंडून तेच निघालं.

“काय चुकलं, बाई?”

भागीरथीबाईंनी मघाशी न कातरलेली सुपारी कातरली.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “आज काहीच चुकलं नाही.”