सासूच्या ताटातला मासा

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका गावात द्वारकाबाय नावाची म्हातारी राहत होती. तिची नजर गेली होती, पण नाक आणि बोटं शाबूत होती. त्या गावात एक रीत होती. मासा घरी आला की कापायला घेण्याआधी तो घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईपुढे न्यायचा. ती बोटाने त्याचं पोट दाबून बघायची, कल्ला उचलून हुंगायची आणि कालवणात काय घालायचं ते सांगायची. चैत्रात कैरी, कैऱ्या संपल्या की कोकम. तिने सांगितल्याशिवाय चूल पेटत नसे. द्वारकाबायचं बोट तर इतकं पक्कं होतं की शेजारणीही आपापले मासे घेऊन तिच्याकडे यायच्या.

तिच्या सुनेचं नाव शेवंती. शेवंतीच्या हाताला चव होती, हे आधीच सांगून टाकतो. पाट्यावर ओलं खोबरं ती असं वाटायची की लोण्यासारखं व्हायचं. पण लोक जेवून उठताना म्हणत, "द्वारकाबायच्या घरचं कालवण ते! काय विचारता!" राबायचं शेवंतीने आणि नाव सासूचं. तिला ते सलायचं. कुणालाही सललं असतं, तेवढ्यासाठी मी तिला बोल लावणार नाही.

एका चैत्रात द्वारकाबाय तापाने पडली. वीस दिवस पेजेचं पाणीसुद्धा तिच्या घशाखाली उतरेना. वैद्य म्हणाला, "अन्नावर वासना आली तर म्हातारी उठेल. मागेल ते द्या, पण ताजं द्या. शिळंपाकं पोटात गेलं तर माझ्या हातात काही उरणार नाही."

एकविसाव्या दिवशी सकाळी म्हातारीने डोकं उचललं. "काळुंदराचा सार खावासा वाटता गे," ती म्हणाली. "कोवळी कैरी घालून."

काळुंदर हा खाडीतला चपटा, गोड मासा. म्हातारीचा मुलगा, शेवंतीचा नवरा सोनू जाळं घेऊन धावतच खाडीवर गेला. दिवस भांगाचे होते. भांगात भरती जेमतेम चढते आणि मासाही बेताचाच मिळतो. उन्हं डोक्यावर येईपर्यंत तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मिळाली अवघी दोन काळुंदरं. ती त्याने शेवंतीच्या हातात दिली आणि ओला तसाच वैद्याला सांगायला गेला, की आई जेवायचं म्हणते आहे.

नेमक्या त्याच वेळी गावात राजाच्या मुदपाकखान्याचा कारभारी आला. राजासाठी चांगल्या हाताची सुगरण शोधत तो गावोगाव जेवत फिरत होता. लोकांनी त्याला बोट दाखवून सांगितलं, "द्वारकाबायचं घर ते." तो सरळ येऊन ओसरीवर बसला.

शेवंतीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. आज चूल तिची होती आणि जेवणारा राजाच्या घरचा. एक मासा सासूला आणि एक पाहुण्याला, असं सहज करता आलं असतं. पण अशा पाहुण्यापुढे एका माशाचं कालवण कसं ठेवायचं, असं तिच्या मनात आलं. घरात आणखी मासे होते. परवाचे दोन, पोट मऊ पडलेले, खेकडे धरायला आमिष म्हणून झाकून ठेवलेले.

तिने रीत मोडली नाही. ताजी काळुंदरं सासूपुढे नेली. म्हातारीने बोटाने पोट दाबलं, कल्ला हुंगला आणि वीस दिवसांत पहिल्यांदा हसली.

"जितोच आसा गे अजून! कैरी घाल. मिरची दोनच. ताज्या माशाक मसालो लागना नाय."

शेवंतीने तसंच केलं, पण ते कालवण गेलं पाहुण्याच्या ताटात. आमिषाचे मासे तिने मिठाने तीनदा धुतले, आलं, लसूण आणि मूठभर मिरच्या वाटून लावल्या आणि वास जाईपर्यंत उकळले. मग भातात कालवून स्वतःच्या हाताने सासूला घास भरवला. म्हातारी पहिल्या घासाला थांबली. मग तिने तोंड उघडलं. दुसरा घास खाल्ला, तिसरा खाल्ला. वाटी रिकामी झाली.

बाहेर कारभाऱ्याने हात धुतले. "चव चांगली आहे," तो म्हणाला. "पण महाराज काट्याचा मासा खात नाहीत." आणि तो पुढच्या गावाला निघून गेला.

संध्याकाळपासून म्हातारीला उलट्या सुरू झाल्या. वैद्य आला आणि नाडी बघून मान खाली घालून बसला. "ताजंच दिलंत ना?" त्याने विचारलं. शेवंती रिकामी वाटी उचलून चुलीकडे गेली. सोनूच म्हणाला, "मी स्वतः धरलेला मासा हो."

दुसऱ्या दिवशी शेवंती एकटी खाडीत उतरली. शिंपल्यांनी तिचे पाय फाटले, पण एक काळुंदर मिळालं. तिने कैरी घातली, मिरच्या दोनच घातल्या आणि वाटी घेऊन सासूच्या उशाशी बसली. म्हातारीने ओठ मिटले ते उघडले नाहीत. तेव्हा शेवंतीला रडू कोसळलं.

"आये, कालचो मासो शिळो होतो. आमिषाचो होतो."

"माका ठावक आसा," म्हातारी हळूच म्हणाली. "पयल्या घासाकच कळला."

"मगे खाल्लात कित्याक?"

"तू भरवत होतंस गे."

तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली. वाटीतलं सार तसंच आंबून गेलं.

म्हातारीने कुणाकडे ब्र काढला नव्हता. त्यामुळे गावाने शेवंतीचं कौतुकच केलं. सुनेने शेवटी ताजा मासा भरवला, म्हातारी तृप्त होऊन गेली, असं बायका एकमेकींना सांगत. सोनूही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगे आणि बायकोकडे मायेने बघे. शेवंती मान खाली घालून ऐकत राही. पुढे खूप वर्षं ती जगली, तिच्या कालवणाचं नावही झालं. पण त्या दिवसानंतर तिने कधी कुणाला स्वतःच्या हाताने घास भरवला नाही. स्वतःच्या लेकरांनासुद्धा नाही.

तात्पर्य: परक्याच्या शाबासकीसाठी आपल्या माणसाच्या तोंडचा घास काढू नये, तो माणूस क्षमा करून जातो, पण ते ताट पुन्हा वाढता येत नाही.