हैबतीबाबाच्या हातचा दोर

कड्याखालच्या वाडीत हैबतीबाबा नावाचा म्हातारा राहायचा, मोहोळं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच वाडीत ठकू राहायची, तिचा नवरा कड्यावरून पडून मेला होता. आणि ठकूचा लेक चिंधू, सात वर्षं बाबापाशी शिकणारा. त्या सकाळी कड्याच्या टोकावर उभा राहून चिंधू विचारत होता,

"बाबा, आता आणखी काय राहिलं?"

"तूच सांग."

"धूर करता येतो. पोळं कापता येतं. माश्यांचा राग कळतो. झाडावरची चाळीस मोहोळं काढली, पण कडा न्हाई. दोन वर्षं तर नुसता दोर बघण्यात गेली. हातभर दोर, पीळ उकल, आत बघ. परत हातभर. ह्याला काय शिकणं म्हणायचं?"

बाबाने खांद्यावरचा दोर सारखा केला.

"आई अजून दुसऱ्याच्या शेतात खुरपते. मी उंबऱ्यात पाऊल ठेवीस्तोवर माझं ताट वाढत न्हाई. बापाचं एकदा वाढलं होतं... ते तसंच राहिलं. तिला सांगायचंय, आता भ्यायचं कारण न्हाई."

"उतर मग," बाबा म्हणाला, आणि खांद्यावरचा दोर काढून त्याच्या हातात दिला.

पोराचं तोंड असं उजळलं म्हणता! दोराचं एक टोक झाडाला, एक कमरेला. बाबाच्या पायाला हात लावला. कड्याकडं पाठ केली, एक पाय खाली सोडला...

"थांब. वर ये."

चिंधू वर आला. बाबाने त्याच्या कमरेपासून दोन हातांवर दोर धरला, गुडघ्यावर घेतला आणि एक हिसका दिला.

दोर तुटला.

अंगठ्याएवढा जाड, तीन पेडांचा दोर. आतून तिन्ही पेड कापत आणलेले. सुरीने. वरून मेण चोपडून पीळ नीट बसवलेला.

चिंधूने तुटलेलं टोक उचलून पाहिलं.

"कुणी कापला?"

"मी. काल."

"तुम्ही? मी तुमच्यावर इश्वास ठेवला, बाबा!"

"दोर बघायला शिकवलं होतं. इश्वास ठेवायला कधी शिकवलं?"

बाबाने तुटलेला दोर गुंडाळला.

"तुझ्या बापानंबी असाच इश्वास ठेवला. हसून म्हणला, तुमच्या हातचा दोर काय बघायचा! आतून कुजलेला निघाला." बाबाने खाली दरीत पाहिलं. "मीबी बघितला न्हवता."

बाप दोर तुटून गेला, एवढं चिंधूला माहीत होतं. दोर कुणाच्या हातचा, ते वाडीने त्याच्यापासून लपवलं होतं.

"आईला ठाऊक हाय?"

"तिनंच तुला माझ्याकडं धाडलं."

चिंधू धावत घरी गेला. ठकू चुलीपुढं बसली होती.

"त्याच माणसाकडं धाडलंस मला? त्याच्याच?"

ठकूने तव्यावरची भाकरी उलटली.

"दोर कसा तुटतो, ते त्याच्यावाणी कुणाला ठाऊक हाय?"

चार दिवस चिंधू बाबाच्या दारात गेला नाही. पाचव्या दिवशी वाडीने कड्यावरचा मध काढायचं ठरवलं होतं. सगळी माणसं वर जमली. ठकू लांब एका दगडापाशी उभी राहिली.

चिंधू आला. बाबाने नवा दोर पुढं केला. चार दिवस बसून, घरात साठवलेल्या घायपाताच्या वाखाचा, म्हणजे धाग्यांचा, स्वतः वळलेला.

चिंधू पाया पडला. दोर घेतला. आणि सगळ्यांसमोर मांडी घालून पीळ उकलायला लागला.

हातभर. आत बघ. परत हातभर.

माणसांनी तोंडात बोटं घातली.

"आरं, गुरूचा दोर तपासतोस? त्याच्याच पुढ्यात?"

"ह्यापरीस दोन थोबाडीत मारायच्या व्हत्यास म्हाताऱ्याच्या!"

"ऊन डोक्यावर आलं, मध काय पुढच्या साली खायचा?"

चिंधूने मान वर केली नाही. शेवटचे चार हात उरले, तेव्हा त्याचं बोट थांबलं. पीळ उकलून त्याने आतला वाख चिमटीत धरला. वाखाचा भुगा झाला.

त्याने बाबाकडं पाहिलं. "परत माझी परीक्षा?"

बाबा जवळ आला. दोर उचलून डोळ्यांपाशी नेला. भुगा बोटांनी चोळला.

"हे मी मुद्दाम केलं न्हाई. वाखच कुजका होता, मला दिसला न्हाई," तो म्हणाला.

चिंधूने ते टोक कापून फेकून दिलं. उरलेला दोर कड्याला पुरणारा होता. तो त्याने पहिल्या हातापासून पुन्हा बघितला, मग कमरेला बांधला.

बाबाने आपल्या कमरेची सुरी काढली आणि चिंधूच्या कमरेला खोवली. मग वळून लांब दगडापाशी उभ्या असलेल्या ठकूला हाक मारली.

"ठकू, घरी जा. ताट वाढून ठेव."