मयताच्या रकान्यातला गेनूतात्या

गेनूतात्या जेमतेम दुसरी शिकलेला, पण अक्षराची मिजास भारी. रेशनच्या अर्जात 'मयत आहे काय?' या रकान्यात त्यानं ठसठशीत 'नाही' लिहिलं. संगणकानं त्याला मेलेला ठरवून कार्डावरून नाव उडवलं. तात्या तडक रेशन कचेरीत साहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

"रकान्यात काहीही लिहिलं की प्रोग्राम 'हो' धरतो," साहेब गुरगुरले. "नाही म्हणायचं तर रिकामा सोडायचा. मशीन चुकत नसतं!"

"बरं साहेब, तुम्ही लाच खाता का?"

"नाही!" साहेब कचेरीभर ऐकू जाईल असं ओरडले.

"काहीतरी बोललात की. म्हणजे 'हो' झालं."

सगळी कचेरी खिदळली. साहेबांनी मुकाट्यानं रकाना पुसला आणि तात्या जिवंत झाला.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "जन्मात एक शब्द बिनचूक लिहिला, तर त्यानंच मला मारलं बघ!"