सोनकीचा माळी

"दिवाळीनंतरच्या पहिल्या दरबारात त्या डोंगरावरच्या माळ्याला हजर कर, नाहीतर बायकापोरांसकट राज्याबाहेर चालता हो!"

राजे चंद्रसेनांनी आपल्या बागेच्या माळ्याला, हैबतीला, असा दम भरला. झालं होतं एवढंच, की शिकारीहून परतताना राजांना अख्खा डोंगरमाथा सोनकीच्या फुलांनी पिवळाधमक दिसला. आणि त्यांच्या बागेतले गुलाब मात्र माना टाकून बसलेले!

"महाराज, रानफूल हाय ते," हैबती काकुळतीला आला. "तितं माळी कुठला? आपोआप उगवतंय."

"आपोआप? आमच्या राज्यात आमच्या हुकमाशिवाय काही आपोआप होत नाही!"

झालं! राजांनी एकदा हट्ट धरला की धरला. बिचारा हैबती घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक गवरा म्हणाली, "बा, रडतोस काय? माळी हाय की! मी आणते त्याला."

दिवाळी सरली, सोनकी वाळली. गवरा डोंगरावर गेली आणि टोपलीभर सुकलेली बोंडं घेऊन दरबारात उभी राहिली.

"कुठाय माळी?" राजे गरजले.

"भाईरच हाय, महाराज. पण तुमी खिडक्या लावून घेतल्यात, त्यो येनार कसा?"

राजांना सर्दीची भारी धास्ती. तरी नाइलाजाने त्यांनी मान हलवली. गवराने टोपली खिडकीत ठेवली आणि स्वतःच कडी काढली. भर्रकन वारा आत शिरला! बोंडांतला पांढरा कापूस दरबारभर उडाला आणि त्यातला बराचसा राजांच्या तेल लावून पीळ दिलेल्या मिशांना चिकटला.

"ह्यो बगा माळी!" गवरा म्हणाली. "आल्या आल्या कामालाबी लागला. त्या कापसाच्या बुडाशी बी असतंय. महाराज, आता मिशीला पानी तेवडं लावू नका, उगवंल!"

कोपऱ्यात उभ्या हैबतीने डोळेच मिटले. राजांनी मिशी चाचपली, एक बी चिमटीत धरून पाहिलं आणि असे खदाखदा हसले, की उरलेला कापूस प्रधानाच्या नाकात गेला.

"पोरी, माळी पटला! बोल, त्याला काय इनाम देऊ?"

"त्याला कशाला, महाराज? त्याच्या हातात काय ऱ्हातंय व्हय? माझ्या हातात ऱ्हातंय!"

राजे पुन्हा हसले, आणि नदीकाठचा मळा त्यांनी तिथल्या तिथे गवराच्या नावे करून दिला.