भोंडल्याला झाडू

पालकसंघाने सहकुटुंब भोंडल्याचा अर्ज दिला, की आमच्या मुख्याध्यापक घाणेकर सरांना नवा नियम सुचायचाच. पहिल्यांदा म्हणे मैदान खराब होईल, दुसऱ्यांदा म्हणे आवरायला शिपाई नाही. तिसऱ्यांदा संघाच्या सुलभाताई रेगे आम्हा सगळ्या पालकांना घेऊनच केबिनमध्ये शिरल्या.

"बाहेरच्या माणसांना आवारात परवानगी नाही," सर म्हणाले.

"अहो, गेल्या रविवारी श्रमदानाला माझ्या सासूबाईंनासुद्धा बोलावलंत, तेव्हा आम्ही आतले होतो?"

"ते शाळेचं काम होतं."

"मग या रविवारीही श्रमदानच लावा. प्रत्येक घरातून एक खिरापत आणि एक झाडू आणतो. आधी फेर धरू, मग मैदान झाडू. शिपाई नाही म्हणालात ना? तुमच्यासाठीही एक झाडू आणते."

"झाडू राहू द्या," म्हणत सरांनी अर्जावर सही केली.