मैना कोणी पळवली?

"मग बाई, हे पुस्तक लहानांचं की मोठ्यांचं?"

हेरंबने पुन्हा विचारलं. सुमतीबाई ओगले वाती वळत बसल्या होत्या. वाईच्या शाळेत त्यांनी जन्मभर संस्कृत शिकवलं, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. हेरंब त्यांचा लाडका विद्यार्थी, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

जुन्या संस्कृत नाटकांच्या धर्तीवर त्याने मुलांसाठी रहस्यकथा लिहिली होती. राजवाड्यातली बोलकी मैना नाहीशी होते आणि संशय येतो विदूषकावर. प्रकाशकाने ती परत पाठवली. मुलांना झेपायची नाही म्हणे, आणि मोठी माणसं हातात धरायची नाहीत.

"शेवटी मी सगळं उलगडून सांगितलंय, बाई. चोर कोण, खुणा कुठे कुठे होत्या... एकही धागा सुटा ठेवलेला नाही. एवढं करूनही कोणाला नको असेल, तर फाडून टाकतो."

"फाड. पण आधी वाचून दाखव."

ओसरीवर आळीतली मुलं जमली. हेरंब वाचू लागला. थोड्या वेळाने आबासाहेब, निवृत्त न्यायाधीश, नातीला न्यायला आले. "चल मिथिला, जेवायची वेळ झाली," म्हणाले आणि पायरीवर टेकले, ते टेकलेच.

शेवटचं प्रकरण आलं. हेरंबने घसा खाकरला.

बाईंनी पानावर हात ठेवला.

"उरलेलं उद्या."

"अहो बाई, खरी करामत तर इथेच आहे!"

बाई उठून आत गेल्या.

ओसरीवर एकच गिल्ला झाला.

"विदूषक चोर नाहीच," मिथिला म्हणाली. "एवढा खादाड तो, पण मैना गेल्यापासून जेवलासुद्धा नाही. त्याला वाईट वाटतंय."

"अगं, त्याचं मन खातंय त्याला!" आबासाहेब कडाडले. "पक्का चोर!"

"आबा, तुम्ही नीट ऐकलंच नाही."

"मी? मी ऐकलं नाही?"

हेरंब बघतच राहिला. विदूषक जेवला नाही, हे वाक्य त्याने सहज लिहून टाकलं होतं. शेवटच्या प्रकरणात त्या वाक्याचा उल्लेखही नव्हता...

बाई लाडवांचा डबा घेऊन बाहेर आल्या. मुलं खात खात पांगली. मिथिला चपला शोधत होती, तेवढ्यात आबासाहेब हेरंबच्या जवळ सरकले.

"तेवढं मला सांगून ठेवा," ते हळूच म्हणाले. "तिला कळू देणार नाही."

हेरंबचा चेहरा खुलला. त्याने तोंड उघडलं...

बाईंनी त्यात अख्खा लाडू कोंबला.

आबासाहेब आधी चकित झाले, मग खो खो हसत सुटले. नातीचा हात धरून निघाले. आळीच्या वळणापर्यंत दोघांचं भांडण ऐकू येत होतं.

हेरंबच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. तोंडात लाडू तसाच, तरी तो काहीतरी बोलायला गेला.

"सावकाश चाव," बाई म्हणाल्या. "त्यांना घरी पोचू दे."