हळदीच्या पाण्याचा कौल

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका गावात खरंखोटं करायला हळदीचं पाणी पुरे असे. कुणावर चोरीचा आळ आला की देवळातले पुजारीबुवा परातीत हळद कालवीत आणि संशयितानं त्यात हात बुडवायचे. पाणी पिवळं राहिलं तर सुटला. लाल झालं, की बिऱ्हाड उचलून वेशीबाहेर! बुवांना या कौलाचा काय अभिमान, म्हणून सांगू! सात वर्षांपूर्वी चुन्याची भट्टी लावणारा एक म्हातारा असाच गावाबाहेर गेला होता.

एकदा देवीचा चांदीचा करंडा नाहीसा झाला. देवीची वस्त्रं धुवायला सकाळी परटीण येऊन गेली होती, म्हणून आळ तिच्यावर. बिचारी राखेच्या पाण्यात कपडे उकळत होती, तशीच तिला ओढून आणली. हात बुडवले मात्र, पाणी लालभडक!

"मी नाही हो घेतला! देवीशपथ!" ती रडू लागली. "दोन लेकरं घेऊन जाऊ कुठं?"

"पाणी खोटं बोलत नाही," बुवा म्हणाले. पाटलांनी तिला दिवस मावळायच्या आत गाव सोडायला सांगितलं.

लोक पांगले. बुवांनी बोटानं पानाला चुना फासून विडा तोंडात टाकला. लाल पाणी ओतून देवीसाठी ताजी हळद कालवायची, असा रिवाज होता. ती हळद बुवा बोटानं ढवळू लागले आणि बघतात तर काय, बोटाभोवती पाणी लाल!

"अगं आई गं! मी चोर?"

बुवांनी हात खसखसून धुतले, नवी हळद कालवली. पिवळी! बोटाला पुन्हा चुना लावून बुडवलं. लाल! आणखी ताजी हळद कालवून धुनीतली चिमूटभर राख टाकून पाहिली. पुन्हा लाल! आपण चोर नाही, या आनंदानं बुवा उडीच मारणार होते, तेवढ्यात त्यांना परटिणीचे राखेचे हात आठवले. मग भट्टीवाल्याचे चुन्याचे हात आठवले आणि उडी जागच्या जागी राहिली.

कुणी पाहिलं नव्हतं. परात ओतली की झालं, सारा मान शाबूत. पण तिकडे परटीण गाठोडं बांधत होती.

बुवा उठले. ताजी हळद कालवून परात घेऊन चावडीवर धावतच सुटले. "पाटील, घाला हात!"

पाटलांनी नुकताच विडा लावला होता. बोटं बुडाली आणि पाणी लाल!

"मग पाटील, बिऱ्हाड कधी उचलताय?" कुणीतरी ओरडलं. एकच हशा पिकला. जो तो हात बुडवायला पुढं! लोकांनी धावत जाऊन परटिणीचं गाठोडं सोडलं. करंडा पुढं पाटलांच्या पुतण्याच्या पेटीत सापडला. त्यानंही त्या दिवशी ताज्या हळदीत हात बुडवले होते ना! पाणी पिवळंधमक!

दुसऱ्याच दिवशी बुवा तीन गावं ओलांडून भट्टीवाल्या म्हाताऱ्याकडे गेले, त्याच्या पाया पडले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे पाणी खोटं बोललं म्हणा," म्हातारा म्हणाला.

"नाही बाबा. तुझ्या हाताला चुना आहे, एवढंच ते सांगत होतं, आणि ते खरंच होतं. चोर हा शब्द आमचा."

"मग बुवा, मला हाकलण्याआधी एकदा स्वतःचं बोट बुडवून बघायचं होतंत."

 बुवांनी म्हाताऱ्याचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गावाची वाट धरली.

तात्पर्य काय, तर दुसऱ्याला कसोटीला लावण्याआधी ती कसोटीच आधी तपासून घ्यावी, आणि सुरुवात आपल्यापासून करावी.